पानांचा गोवा, फुलाचा गोवा आणि एकच तारा

टाय-इन कादंबरी म्हणजे भाड्याच्या घरातला संसार. एखादी मालिका, चित्रपट किंवा व्हिडिओ गेम लोकांच्या आधीच ओळखीचा असतो. त्याच जगात, तीच पात्रे घेऊन तुम्ही नवी कादंबरी लिहिता. भांडीकुंडी तुमची, पण भिंतीला खिळा मारायचा तर घरमालकाला विचारावे लागते, आणि घर सोडताना ते जसे मिळाले तसे परत द्यावे लागते. मालिकेतला कप्तान पुढच्या हंगामात लागणार असेल, तर तो तुमच्या पुस्तकात मरू शकत नाही. त्याचे लग्न लागू शकत नाही. साधा हातही तुटू शकत नाही.

म्हणूनच या प्रकारच्या लेखकांना दुसऱ्या काळरेषेचा इतका मोह असतो. दुसऱ्या काळरेषेतला कप्तान खुशाल मारता येतो, शहर बुडवता येते, युद्ध हरता येते आणि मूळ मालिकेला ओरखडाही उठत नाही. धोकाही त्यातच आहे. वाचकाला पन्नासाव्या पानावर कळते की इकडे काहीही झाले तरी तिकडे काही बिघडणार नाही, आणि तो पुस्तक मिटतो. दोन काळरेषांना खरोखर बांधणारी एक तरी गोष्ट लागते. परग्रहवासीयांशी पहिला संपर्क ही त्यासाठी फार सोयीची गोष्ट आहे. ती का सोयीची, हे समजले की अर्धी कादंबरी सुटते.

आधी एक गोंधळ दूर करू. ‘दोन काळ’ आणि ‘दोन काळरेषा’ या वेगळ्या गोष्टी. एक प्रकरण १९७४ चे, दुसरे आजचे, पण इतिहास एकच, हे झाले दोन काळ. दोन काळरेषांत तारीख तीच असते, इतिहास वेगळा असतो. मराठी वाचकाला हे नवे नाही. जयंत नारळीकरांनी एका कथेत पानिपतावर विश्वासरावांना लागलेली गोळी चुकवली आणि पुढचा सगळा इतिहास बदलून दाखवला. रस्ता जिथे फुटतो ती जागा महत्त्वाची. गोव्यात तीन रस्ते मिळतात त्या नाक्याला तिस्क म्हणतात; फोंड्याचा तिस्क सगळ्यांना माहीत आहे, म्हणून इथे त्या जागेला तिस्कच म्हणू.

तिस्क कुठे धरायचा

चांगल्या तिस्काला तीन गुण लागतात: तारीख नक्की हवी, निकाल दोन्ही बाजूंनी शक्य वाटावा असा हवा, आणि तो माणसांच्या निर्णयातून आलेला हवा. गोव्यात असा दिवस शोधायला लांब जावे लागत नाही. १६ जानेवारी १९६७, जनमत कौल. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की केंद्रशासित ठेवायचा, हा प्रश्न. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळे राहण्याची खूण दोन पाने. पानांना १,७२,१९१ मते पडली, फुलाला १,३८,१७०. फरक ३४,०२१ चा. म्हणजे १७,०११ जणांनी शिक्का दुसऱ्या खुणेवर मारला असता, तर निकाल फिरला असता.

तर पहिल्या काळरेषेचे नाव पानांचा गोवा आणि दुसरीचे फुलाचा गोवा. कौल कुणाचा बरोबर होता, हा वाद कादंबरीत उकरू नये. त्यावर आजही चहा गार होतो, आणि निम्मे वाचक तिथेच उठून जातात. कादंबरीला फक्त एवढेच हवे की त्या दिवसानंतर माणसांचे निर्णय वेगळे होत गेले.

काय बदलेल आणि काय नाही, याचा हिशेब इथूनच सुरू होतो. पानांच्या गोव्यात १९८० मध्ये कदंब महामंडळ आले, ३० मे १९८७ ला घटक राज्य झाले, गाड्यांवर जीए आले. फुलाच्या गोव्यात कदंब नाही, एसटी. पाटीवर एमएच. फेणी प्यायला मुंबईच्या दारूबंदी कायद्यातला परवाना, आणि ही एक बाब दाखवली तरी वाचकाला आपण कुठे आहोत ते लगेच कळते. मांडवीवरचा पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला, तो फुलाच्या गोव्यात कोसळेल का? पूल माणसांनी बांधला, देखभाल माणसांनी केली, म्हणून दोन्ही उत्तरे चालतील. पण एकदा ठरवले की शेवटपर्यंत तेच.

माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टी बदलत नाहीत. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या मानशीचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या झडपेचे दार भरतीला मिटते, ओहोटीला उघडते. दोन्ही गोव्यांत भरती-ओहोटी त्याच वेळेला, कारण चंद्राला कौलाशी देणेघेणे नाही. एका गोव्यात बांध फुटलेला असेल, दार कुजलेले असेल, पण पाणी वेळेवरच येईल. १६ फेब्रुवारी १९८० चे खग्रास सूर्यग्रहण दोन्हीकडे अंकोल्याहूनच दिसेल. हॅले धूमकेतू दोन्हीकडे १९८६ मध्येच येईल. पाऊस मात्र या यादीत नाही. हवामान इतके नाजूक असते की लहानसा फरकही काही आठवड्यांत वाढत जाऊन वेगळा पाऊस पाडू शकतो. म्हणून दोन्ही गोव्यांत एकाच दिवशी मिरगाचा पहिला पाऊस पडला असे लिहू नये.

सगळ्यात जास्त चुकणारी बाब जन्माची. तिस्कानंतर गर्भात आलेले मूल दुसऱ्या काळरेषेत तेच असण्याची शक्यता जवळजवळ शून्य. आईबाप तेच असले तरी दिवस, घटका, पेशी वेगळ्या. दोन्हीकडे असणारी नायिका हवी असेल, तर ती १६ जानेवारी १९६७ च्या आधीची हवी. ती तेव्हा १२ वर्षांची धरली, तर १९९० मध्ये ३५ ची आणि २००१ मध्ये ४६ ची. पंचविशीतली जुळी रूपे २०२० मध्ये एकमेकींना भेटतात असे लिहिणाऱ्याने हिशेब केलेला नाही.

ताऱ्याला एकच रकाना

आता मुख्य मुद्दा. प्रकाश आणि रेडिओ लहरी सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातात, त्याहून वेगाने कोणतीही बातमी जात नाही. तिमिंगल तारकासमूहातला टाउ सेटी हा सूर्यासारखा तारा आपल्यापासून ११.९ प्रकाशवर्षांवर आहे. १९६७ च्या जानेवारीत गोव्यात काय झाले याची लहर तिथे पोहोचायला ११.९ वर्षे लागतात, म्हणजे १९७८ ची अखेर. तोपर्यंत टाउ सेटीच्या दृष्टीने दोन गोवे झालेलेच नाहीत. तिथून १९७८ च्या अखेरीपर्यंत जे काही निघेल ते दोन्ही काळरेषांत अगदी सारखे असणार, आणि ते आपल्याकडे १९९० च्या अखेरीपर्यंत येत राहणार.

सूत्र सोपे आहे: तिस्काचे वर्ष अधिक अंतराची दुप्पट. त्या वर्षाच्या आत आकाशातून दोन्ही गोव्यांत वेगळे काही उतरू शकत नाही. सर्वात जवळचा प्रॉक्सिमा घेतला, ४.२ प्रकाशवर्षे, तर ही मर्यादा १९७५ च्या मध्यावर येते. अभिजित घेतला, २५ प्रकाशवर्षे, तर २०१७. ट्रॅपिस्ट-१ घेतला, सुमारे ४० प्रकाशवर्षे, तर थेट २०४७ च्या आसपास. अभिजित हे नाव मराठी कानाला गोड लागते, पण तो पन्नास कोटी वर्षांच्या आतबाहेरचा तरुण तारा आहे. पृथ्वीला ४५४ कोटी वर्षे झाली आहेत, त्यामुळे तिथे रेडिओ बांधणारी संस्कृती उभी राहिली हे पटवणे कठीण.

यातून कथानक आपोआप हाती येते. समजा टाउ सेटीहून १९६२ मध्ये एक संदेश निघाला. तो १९७४ मध्ये दोन्ही गोव्यांत पोहोचला, शब्द न शब्द सारखा. फरक फक्त ऐकणाऱ्यात. पानांच्या गोव्यातल्या माणसाने तो गोंगाट समजून कपाटात ठेवला, फुलाच्या गोव्यातल्याने ओळखला, आणि १९७८ मध्ये कुणीतरी उत्तर पाठवले. उत्तर तिकडे १९८९-९० ला पोहोचते, प्रत्युत्तर इकडे २००१-०२ ला. त्या वर्षी फुलाच्या गोव्याला आवाज येतो, पानांच्या गोव्याला शांतता. एकच तारा, एकच पहिले वाक्य, आणि तिथून पुढे दोन संवाद. दोन काळरेषांना बांधणारी गोष्ट म्हणजे ते पहिले वाक्य.

या काळरेषा एकमेकींशी बोलतात कशा, याचे उत्तर भौतिकशास्त्र देत नाही. ह्यू एव्हरेटने १९५७ मध्ये मांडलेल्या अनेक विश्वांच्या कल्पनेत फांद्या फुटतात, पण एका फांदीवरून दुसरीवर निरोप जात नाही. म्हणजे तिथे लेखकाला थाप मारावीच लागते. थाप एकच असावी, पहिल्या तीस पानांत मारून टाकावी, आणि बाकी सगळे काटेकोर ठेवावे. मूळ मालिकेत आधीच तसे एखादे यंत्र असेल तर उत्तम. दुसरे आणू नये.

संदेश ऐकू येतो म्हणजे काय होते

१९७४ मध्ये भारतात ऐकायला काय होते? उटीची रेडिओ दुर्बीण, १९७० पासून चालू, ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, ३२६.५ मेगाहर्ट्‌झच्या आसपास ऐकणारी. परग्रहवासी म्हटले की लेखक डोळे मिटून १४२० मेगाहर्ट्‌झ लिहितो, कारण हायड्रोजनचे अणू याच कंप्रतेची लहर सोडतात आणि ही खूण सगळीकडे वाचलेली. उटीला ती ऐकू येत नाही. नारायणगावजवळ खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत, तिथे ती ऐकू येते, पण १९९० मध्येसुद्धा तो प्रकल्प पुरा झाला नव्हता. म्हणजे पहिला संदेश उटीला ३२६.५ वर, प्रत्युत्तर खोडदला १४२० वर. ही कंप्रता का बदलली, याला कथेत कारण लागेल, आणि बहुधा ते कारणच चांगले प्रकरण होईल.

दुसरी खोच वेळेची. तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो. टाउ सेटी १९ डिसेंबरच्या रात्री साडेआठच्या सुमारास गोव्यात दक्षिणेला सर्वात वर असतो, क्षितिजापासून ५९ अंशांवर. महिन्याने त्याच जागी तो साडेसहालाच येतो. ‘रोज रात्री बरोबर नऊला संदेश यायचा’ असे लिहिले, तर जाणकार वाचक एवढेच म्हणेल की हा संदेश शेजाऱ्याच्या यंत्रातून येतोय. खरे संशोधकही हाच धागा पकडतात. घड्याळाप्रमाणे येणारा तो माणसाचा, ताऱ्याप्रमाणे सरकणारा तो आकाशातला. ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीला काही वर्षे चकवणारे सिग्नल २०१५ मध्ये मायक्रोवेव्ह ओव्हनचे निघाले. कुणीतरी जेवण गरम होण्याआधीच दार उघडत होते. अमेरिकेतला १५ ऑगस्ट १९७७ चा प्रसिद्ध ‘वॉव’ सिग्नल ७२ सेकंद टिकला. त्या स्थिर दुर्बिणीसमोरून आकाशातला एखादा ठिपका सरकून जायला तेवढाच वेळ लागत असे, म्हणून तो गांभीर्याने घेतला गेला. पुन्हा मात्र तो कधी आला नाही.

सिग्नल पटला तरी कुणी लगेच मायक्रोफोन उचलत नाही. १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळविज्ञान अकादमीने याची आचारतत्त्वे ठरवली, २०१० मध्ये सुधारली. आधी दुसऱ्या दुर्बिणीने पडताळा, मग सगळ्यांना सांगा, आणि जगाशी सल्लामसलत झाल्याशिवाय उत्तर पाठवू नका. आपल्या कथेतले उत्तर १९७८ चे, म्हणजे तत्त्वांच्या आधीचे. ते पाठवणारा नियम मोडत नाही, कारण नियमच नाही. ही सूट २००१ मधल्या पात्राला मिळत नाही.

आणि भाषा. सप्टेंबर १४९८ मध्ये वास्को द गामाची जहाजे अंजदीव बेटाशी थांबली होती, तेव्हा एक माणूस येऊन त्यांच्याशी त्यांना कळेल अशा भाषेत बोलू लागला. गोव्याच्या सुभेदाराच्या पदरी असलेला हा ज्यू गृहस्थ. पोर्तुगीजांनी त्याला हेर म्हणून पकडले, छळले, लिस्बनला नेऊन बाप्तिस्मा दिला आणि गास्पार द गामा नावाने दुभाषी केले. पृथ्वीवरच्या प्रत्येक पहिल्या भेटीत असा कुणीतरी असतोच, दोन्हीकडचे थोडेथोडे येणारा. ताऱ्यांच्या बाबतीत तो नाही. म्हणून तिसऱ्या प्रकरणात परग्रहवासी अस्खलित बोलू लागले की कादंबरी संपली असे समजावे. दोघांना ठाऊक असलेली गोष्ट एकच: ज्याचे सगळे विश्व बनले आहे ते द्रव्य, जसा हायड्रोजन.

वही आणि करार

लिहायला बसण्याआधी एक वही. रकाने चार: वर्ष, पाने, फूल, तारा. ताऱ्याला एकच रकाना, आणि सूत्राने आलेल्या वर्षानंतरच तो दोन करायचा. प्रत्येक पात्राचे दोन्हीकडचे वय, नोकरी, हयात आहे की नाही, हे लिहून ठेवायचे. प्रकरणाच्या माथ्यावर तारीख घातली तरी वाचक ती वाचत नाही. पहिल्या दोन वाक्यांत कदंब किंवा एसटी यायला हवी. एक प्रकरण इकडचे, एक तिकडचे अशी झोके घेणारी मांडणी चौथ्या फेरीला कंटाळवाणी होते. तीन इकडची, मग एक तिकडचे, अशी असमान मांडणी जास्त ताण धरते.

करारात पाहायच्या गोष्टी थोड्या पण महत्त्वाच्या. मूळ कलाकृतीवर बेतलेले लेखन करण्याचा हक्क मालकाचा, म्हणून लेखी परवानगीशिवाय एक पानही छापता येत नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीचे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आधी आराखडा मंजूर करून घ्यायचा, प्रकरणवार, दहा-पंधरा पानांचा. दुसऱ्या काळरेषेतले मृत्यू त्यातच उघड लिहायचे. पुरे हस्तलिखित गेल्यावर ‘कप्तान मेलेला चालणार नाही’ असे कळले, तर वीस प्रकरणे पुन्हा लिहावी लागतात. मालकाने किती दिवसांत उत्तर द्यायचे तेही घालावे. नाहीतर हस्तलिखित टेबलावर पडून राहते आणि मालिका पुढे निघून जाते.

केरीचा आवाज

दोन काळरेषांत ओळखीची खूण म्हणून एखादी वस्तू लागते. गोव्याच्या लेखकाला ती आयती मिळाली आहे. १९७७ मध्ये दोन व्हॉयेजर याने निघाली, दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली बारा इंची तांब्याची तबकडी. त्यावर ५५ भाषांतल्या शुभेच्छा, त्यांत एक मराठी. आणि फोंड्याजवळच्या केरीत जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, सुमारे साडेतीन मिनिटे. दुसरे यान सुटून अकरा दिवस झाले असताना, १६ सप्टेंबर १९७७ ला त्या गेल्या.

फुलाच्या गोव्यातही याने त्याच वर्षी निघतील, कारण बाहेरचे ग्रह तशा रांगेत सुमारे १७६ वर्षांतून एकदा येतात आणि त्यांना पानाफुलांचे काही नाही. तबकडीवर काय घ्यायचे ते मात्र काही माणसांनी काही महिन्यांत ठरवले. रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंचे नाव सुचवले, पण ध्वनिमुद्रिका मिळेना. शेवटी ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात खोक्यात सापडली. ते खोके दुसऱ्या काळरेषेत आधीच विकले गेलेले असू शकते. म्हणजे ‘तुमच्या तबकडीवर भैरवी आहे का?’ हा एक प्रश्न विचारला की समोरचा कोणत्या गोव्याचा ते कळते.

तबकडी ताऱ्यापर्यंत पोहोचवायची नाही. व्हॉयेजर-१ सेकंदाला १७ किलोमीटर जाते, एक प्रकाशवर्ष कापायला तिला साडेसतरा हजार वर्षे लागतील. आज ती जेमतेम एका प्रकाश-दिवसावर आहे. तेव्हा टाउ सेटीचे एखादे टेहळणी यान, १९६७ च्या खूप आधी निघालेले, सूर्यमालेच्या कडेला आलेले असायला हवे. ते दोन्ही काळरेषांत असेल, आणि जवळ असल्यामुळे त्याला चोवीस वर्षे थांबावे लागणार नाही.

आता ते यान तबकडी वाजवते. सोबत सुई आहे, आवरणावर खुणा आहेत. एका फेऱ्याला किती वेळ, हे हायड्रोजनच्या टिकटिकीत दिलेले आहे. ती टिकटिक सेकंदाला सुमारे १४२ कोटी वेळा, आणि एक फेरा ३.६ सेकंदांचा, म्हणजे साधारण ५११ कोटी टिकटिकी. मिनिटाला १६⅔ फेरे. ही खूण अर्धीच समजली आणि यानाने तबकडी ३३⅓ वर फिरवून परत ऐकवली, तर साडेतीन मिनिटांची चीज पावणेदोन मिनिटांत संपते आणि स्वर एका सप्तकाने वर जातो. खोडदच्या यंत्राला तो नुसता किरकिराट वाटेल. गाणे शिकलेली ४६ वर्षांची नायिका मात्र कोमल रिषभ-गंधार ओळखेल, कारण वेग दुप्पट झाला तरी स्वरांमधली अंतरे तशीच राहतात. तिला फक्त ते ध्वनिमुद्रण निम्म्या वेगाने लावायला सांगावे लागेल. तिच्या गोव्यात तबकडीवर ही चीज आहे की नाही, हे वहीत आधी पाहून घ्यावे.